भोंग्याची भाषा

जबलपूर ही जशी नर्मदेकाठच्या संगमरवरी कड्यांची नगरी, तशीच ती तोफगाड्यांची आणि दारूगोळ्याचीही नगरी. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये व्हेईकल फॅक्टरीची भर पडली. कारखान्यात नोकरी असलेल्या घरात भोंगा म्हणजे पाळीची वेळ सांगणारे घड्याळच. युद्धकाळात मात्र भोंग्याच्या आवाजाला निराळा अर्थ येतो, आणि तो समजून घेण्यासाठी आधी यंत्राची रचना पाहावी लागते.

१८१९ मध्ये कान्यार द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने छिद्रे असलेल्या फिरत्या तबकडीतून हवा सोडून स्वराची कंपने मोजणारे उपकरण तयार केले. ते पाण्याखालीही वाजत असे. म्हणून ग्रीक पुराणकथांतील समुद्रगायिकांचे ‘सायरन’ हे नाव त्याला मिळाले. त्या गायिका खलाशांना नाशाकडे ओढीत. त्यांचे नाव धारण करणारे यंत्र पुढे जीव वाचविण्याच्या कामी आले, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा.

यांत्रिक भोंग्यात पडदा नसतो की शिटी नसते. पाती असलेला एक जड पंखा, खिडक्या असलेल्या स्थिर कड्याच्या आत वेगाने फिरतो. तो मध्यभागातून हवा ओढून बाहेर फेकतो. खिडक्या क्षणात उघडतात, क्षणात झाकल्या जातात आणि हवेचे तुकडे पडतात. पंख्याला १० पोकळ्या असून तो मिनिटाला २,७०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४५० कंपने होतात. वेग वाढला की स्वर चढतो, मंदावला की उतरतो. हाताने फिरवायच्या भोंग्यात हाच वेग दंतचक्रांच्या साहाय्याने मिळतो.

या गुणातूनच संकेत जन्मला. वीज थोडा वेळ देऊन तोडली, की जड पंखा एकाएकी थांबत नाही. स्वर हळूहळू खाली येतो आणि वीज मिळताच पुन्हा चढतो. हा चढउताराचा आवाज म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा. वीज अखंड राहिली की स्वर एकसारखा राहतो. तो ‘धोका टळला’ असे सांगतो. अक्षरओळख नसलेल्यालाही अंधारात उमगावी, अशी ही भाषा आहे.

१९६५ आणि १९७१ च्या युद्धांत देशातील अनेक शहरांनी ती ऐकली. १९६८ मध्ये नागरी संरक्षणाचा कायदाही झाला. पुढे दीर्घ शांततेत तिचा विसर पडला. ७ मे २०२५ रोजी देशव्यापी सरावात जबलपूरमध्ये भोंगे पुन्हा वाजले, तेव्हा अनेक तरुणांच्या कानांना त्या दोन स्वरांतील भेद नवा होता. यंत्राला तेलपाणी केले की ते पुन्हा वाजू लागते. त्याचा अर्थ मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावा लागतो. ते काम घराचे आहे, तसेच शाळेचेही.