कात्री आणि पिंप

नाशिकची लाल वाईन सुधारली, याचे श्रेय बहुतेक जण फ्रेंच ओकच्या पिंपांना आणि परदेशी सल्लागारांना देतात. माझ्या मते ते आधी छाटणीच्या कात्रीला द्यायला हवे. नाशिकच्या सुला वाइनरीने २००० साली पहिल्या बाटल्या भरल्या त्या पांढऱ्या वाईनच्या. पांढऱ्या वाईनला रस पुरतो. लालचा रंग आणि तुरटपणा साल-बियांतून येतो, म्हणून तीही पिकावी लागतात. आपल्या उन्हात साखर भराभर चढते. नुसता ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, पाहून घड तोडला तर रस गोड निघतो, पण बी चावली की हिरवी, कडवट लागते. तो कडवटपणा पिंपात वर्षभर ठेवूनही पुरता जात नाही.

इथे खाण्याच्या द्राक्षाची विद्या उलटी पडते. मांडव, जिब्रेलिक आम्लात बुडवून फुगवलेले मणी, एकरी भरपूर माल हे थॉम्सनसारख्या खाण्याच्या वाणाला शोभते. शिराझसारख्या लाल वाईनच्या वाणाचा मणी लहानच हवा, म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त मिळते. म्हणून वाईनच्या वेली उभ्या तारांवर चढल्या, घडांजवळची पाने विरळ झाली, ठिबकचे पाणी आखडले आणि मण्यांना रंग चढताना मागे पडलेले घड कापले जाऊ लागले. उष्ण प्रदेशात चांगली लाल वाईन होणारच नाही, या आक्षेपाचे उत्तर तर आपल्या जुन्या रीतीतच आहे. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस सरताना फळासाठी गोडी छाटणी. फळ कोरड्या हिवाळ्यात वाढते आणि थंड रात्री आम्लता राखतात. गोडी छाटणी लवकर केली तर परतीच्या पावसात डावणी रोग येतो, उशीर झाला तर माल मार्चच्या उन्हात सापडतो. सारे कसब त्या काही दिवसांत आहे.

तळघराचे काम कमी महत्त्वाचे नाही. थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत वर तरंगणाऱ्या सालींवर खालचा रस पुन्हा पुन्हा सोडला नाही, तर रंग उतरणार नाही. पण सालीत नसलेले टाकी कुठून आणणार?

खरा अडथळा पैशाचा आहे. राज्याच्या २००१च्या वाईन धोरणानंतर अनेकांनी वाईनच्या वेली लावल्या; २००८नंतर मागणी घसरली तेव्हा कित्येकांनी त्या उपटल्या. टनावर भाव मिळणाऱ्या शेतकऱ्याला घड कापायला सांगणे म्हणजे त्याचीच मिळकत मातीत टाकायला सांगणे आहे. लाल वाण लावणाऱ्यांशी करार टनावर न होता एकरावर व्हायला हवा.