पाण्याचा गुण की तालमीचा?

कोल्हापूरचा रांगडेपणा आणि कुस्तीचे वेड हा पंचगंगेच्या पाण्याचा गुण, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नाही. सह्याद्रीचा पाऊस, काळी जमीन, ऊस आणि घरोघरची म्हैस नसती, तर पैलवानाचा खुराक परवडलाच नसता. पण हेच पाणी पुढे कृष्णेला मिळते, हाच ऊस शेजारच्या जिल्ह्यांतही डोलतो. तरी कुस्तीची पंढरी म्हणून नाव झाले ते कोल्हापूरचेच. हा फरक निसर्गाने नव्हे, राजाश्रयाने घडवला. १८९४ साली गादीवर आलेल्या शाहू महाराजांनी तालमी पोसल्या, दूरदूरच्या मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले. हौद्यातली तांबडी मातीसुद्धा रानातून आणून तशीच वापरत नाहीत. हळद, तेल, ताक घालून ती मऊ करावी लागते.

यावर कोणी म्हणेल, अंगकाठी तर जन्मजातच असते. असते, पण तिचे काय करायचे हे समाज ठरवतो. १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मूळचे सीमाभागातल्या एकसंब्याचे, तर १९६० चे गणपतराव आंदळकर शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे. दोघांनाही घडवले ते कोल्हापूरच्या तालमींनी. निसर्ग शक्यता देतो. त्यांतली कोणती जोपासायची, हे संस्था आणि प्रतिष्ठा ठरवतात. म्हणूनच ‘पाण्याचा गुण’ म्हणून स्वभावाचा निकाल लावणे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत नदीच्या नावावर जमा करणे होय.