उभ्या विमानाचे दिवे

रात्री घाटातून एसटीने जाताना पुढच्या बाकावर जागा मिळाली, तर ड्रायव्हर काय करतो ते पाहावे. समोरून गाडी आली की तो झोत खाली करतो, 'डिपर' देतो. समोरच्याने तसे केले नाही तर तो पुटपुटतो, कारण पुढचे काही क्षण त्याला रस्ता धड दिसत नाही. दिवा रस्ता दिसण्यासाठी असतो आणि आपण इतरांना दिसण्यासाठीही. पण इतरांचे डोळे दिपू नयेत, हेही पाहावे लागते. जमिनीवरच्या विमानाबाबत हाच पेच पडतो, आणि एकदा तो फार महागात पडला.

विमानाच्या दिव्यांचे मूळ जहाजांत आहे. ब्रिटिश आगबोटींवर डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा लावण्याचा नियम 1848 साली झाला. 1919 च्या पॅरिस करारात विमानांसाठी हेच रंग स्वीकारले गेले. डाव्या पंखाचा लाल दिवा 110 अंशांत, उजव्याचा हिरवा 110 अंशांत आणि शेपटीचा पांढरा 140 अंशांत दिसावा, असे ठरले. बेरीज 360 येते, म्हणजे कोठूनही पाहिले तरी एखादा दिवा दिसतोच. फळ्यावर आकृती काढून मुलांना विचारता येईल : लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर विमान कोणत्या दिशेने येत आहे? आणि फक्त पांढरा दिसला तर?

काळ्याभोर आकाशात ही भाषा छान वाचता येते. विमानतळावर मात्र चहूकडे दिवेच असतात. शिवाय उभे विमान हलत नाही, आणि न हलणाऱ्या ठिपक्याकडे आपली नजर सहसा ओढली जात नाही.

म्हणून लुकलुकणारे दिवे आले. त्यातला एक म्हणजे लाल 'बीकन'. तो इंजिन सुरू करण्याआधी लावायचा आणि इंजिन थांबल्यावरच बंद करायचा, हा वैमानिकांचा शिरस्ता आहे. खाली काम करणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ नेमका कळतो : पंख्यापासून लांब राहा. दुसरा म्हणजे पंखांच्या टोकांवरचा पांढरा 'स्ट्रोब'. एमआयटीच्या हॅरोल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात छायाचित्रणासाठी विजेवर चालणारा क्षणिक झोत विकसित केला. स्ट्रोब त्याच कुळातला. धारित्रात साठवलेली वीज झेनॉन वायूच्या नळीतून एकदम सोडली की डोळे दिपवणारा लखलखाट होतो.

अडचण तिथेच आहे. अंधारात आपण पाहतो ते डोळ्यांच्या पडद्यावरील दंडपेशींमुळे. त्यांतले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडाने विघटित होते आणि ते पुन्हा पुरते भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. (सिनेमागृहात उशिरा शिरून शेजाऱ्याच्या पायावर पाय देणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.) शेजारच्या विमानाचा स्ट्रोब सारखा तोंडावर लखलखला, तर वैमानिकाची अंधाराला सरावलेली नजर जाते. म्हणून जमिनीवर स्ट्रोब बंद ठेवायचा, दुसरे विमान समोर असेल तर पुढचा टॅक्सी लाइट मालवायचा, हा शिष्टाचार रुळला. आंतरराष्ट्रीय नियमांतही तो आला : बाहेरच्या माणसाचे डोळे घातक रीतीने दिपत असतील, तर वैमानिकाला लुकलुकणारे दिवे बंद किंवा मंद करण्याची मुभा आहे. सभ्यपणाला कायद्यात जागा मिळण्याचे हे एक छान उदाहरण आहे.

आता 1 फेब्रुवारी 1991 ची संध्याकाळ पाहू. स्थळ लॉस एंजेलिस, वेळ सहा वाजून गेलेले, अंधार पडलेला. एक लहान मेट्रोलायनर विमान उड्डाणासाठी धावपट्टीच्या मध्येच, एका आडव्या मार्गाच्या छेदावर उभे होते. 'जागा घ्या आणि थांबा' असे त्याला सांगितले होते. मनोऱ्यातील नियंत्रकाच्या मनात त्याची दुसऱ्या एका मेट्रोलायनरशी गल्लत झाली आणि त्याच धावपट्टीवर एका बोइंग 737 ला उतरण्याची परवानगी मिळाली. जमिनीवरचे रडार त्या दिवशी बंद होते. मनोऱ्यातून पाहावे, तर वाहनतळाच्या दिव्यांची तिरीप आड येत होती.

आणि बोइंगच्या वैमानिकांना काय दिसत होते? कंपनीच्या पद्धतीप्रमाणे उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत मेट्रोलायनरचा स्ट्रोब लागणार नव्हता. मागून दिसण्याजोगे राहिले शेपटीचा पांढरा दिवा आणि वरचा लाल बीकन. धावपट्टीच्या मधोमध पांढऱ्या दिव्यांची ओळ असते. त्या ओळीत आणखी एक पांढरा ठिपका मिसळून गेला. चाके टेकून बोइंगचे नाक खाली येऊ लागले, तेव्हा कोठे सहवैमानिकाला पुढचे विमान दिसले. मेट्रोलायनरमधील 12 जण आणि बोइंगमधील 23 जण असे 35 लोक त्या अपघातात गेले.

चौकशी मंडळाने मुख्य दोष मनोऱ्यातील कामाच्या पद्धतीला दिला, कारण एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात येईल अशी सोय तेथे नव्हती. तो निष्कर्ष योग्यच आहे. पण मला त्यातली दिव्यांची बाब जास्त विचार करायला लावते. दुसऱ्याचे डोळे जपण्यासाठी पडलेला रिवाज, ज्या जागी समोर कोणी नाही पण पाठीमागून कोणी येऊ शकते, अशा जागीही तसाच पाळला गेला होता. जमिनीवरची विमाने अधिक ठळक दिसावीत, त्यासाठी दिव्यांचा विचार व्हावा आणि शक्य तेथे विमानाने मधल्या रेषेपासून थोडे बाजूला उभे राहावे, अशी शिफारस मंडळाने केली.

पुढे अमेरिकेत जो क्रम सुचवला गेला, त्यात हा पेच जागेनुसार सोडवला आहे. वाहनतळावर आणि वाटेत स्ट्रोब नको. उड्डाणाच्या धावपट्टीवर पाऊल टाकताच तो लावायचा, फक्त लँडिंग लाइट राखून ठेवायचे. ते लागले की विमानाला उड्डाणाची परवानगी मिळाली, असे पाहणाऱ्याने समजायचे. टॅक्सी लाइट लागलेला असेल, तर विमान चालते आहे किंवा चालणार आहे. रेडिओवर एक शब्दही न बोलता दिवे विमानाचा पुढचा बेत सांगतात.

2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर, अंधार पडल्यावर, भूकंपग्रस्तांसाठी मदत नेणारे तटरक्षक दलाचे एक लहान विमान धावपट्टीवर सुमारे 40 सेकंद उभे होते. मागून उतरणारे एअरबस ए-350 त्यावर आदळले. एअरबसमधील 379 जण जळत्या विमानातून सुखरूप बाहेर पडले, लहान विमानातील सहांपैकी पाच जण दगावले. पुढे विमान उभे आहे हे एअरबसच्या वैमानिकांच्या अगदी शेवटच्या क्षणापर्यंत लक्षात आले नव्हते.