बर्फातली मोहीम आणि जळालेला मुलूख

दुसरे महायुद्ध म्हटले की स्टालिनग्राड, नॉर्मंडी आणि हिरोशिमा ही नावे आपल्या मुलांना पाठ असतात. पेत्सामो आणि किर्केनेस ही नावे शाळेच्या पुस्तकात सापडत नाहीत. युरोपच्या अगदी उत्तर टोकाला, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये इथे मोठी मोहीम झाली होती.

जर्मनीचा डोळा रशियाच्या मुर्मान्स्क बंदरावर होता. मित्रराष्ट्रांची मदत जहाजांनी तिथे उतरत असे. जून १९४१ मध्ये जनरल दीत्लचे पहाडी सैन्य निघाले, पण लित्सा नदीपाशी अडकले ते तीन वर्षे तिथेच राहिले. दोष एकट्या दुश्मनाचा नव्हता. त्या मुलखात झाड नाही, रस्ता नाही. उघडा कातळ, दलदल आणि गोठवणारा वारा. खंदक खणायला माती मिळेना, म्हणून दगड रचून आडोसे केले जात.

सप्टेंबर १९४४ मध्ये फिनलंडने रशियाशी तह केला आणि जर्मन फौज एकाकी पडली. ७ ऑक्टोबरला मेरेत्स्कोव यांच्या हुकमतीखाली सोव्हिएत सैन्य तुटून पडले. हेच मेरेत्स्कोव १९४१ मध्ये स्वतःच्याच सरकारच्या कैदेत मार खात होते! तोफांना रस्ता करून देता देता इंजिनिअर दलाचा जीव मेटाकुटीला आला. हलक्या तुकड्या घोडे आणि रेनडिअर यांच्या पाठीवर सामान लादून, रस्ता सोडून, जर्मनांच्या बगलेला वळसा घालत गेल्या. नौसैनिक रात्री किनाऱ्यावर उतरले. १५ ऑक्टोबरला पेत्सामो पडले, मग निकेलच्या खाणी आणि २५ ऑक्टोबरला नॉर्वेतले किर्केनेस. या विजयापायी सहा हजारांवर सोव्हिएत सैनिक कामी आले.

किर्केनेसमध्ये उरले होते थोडेच. तीनशेहून अधिक हवाई हल्ल्यांनी शहर आधीच मोडले होते. जाताना जर्मनांनी बाकीचे पेटवले. जवळच्या ब्योर्नेवात्न गावी लोहखाणीच्या बोगद्यात सुमारे तीन हजार माणसे लपली होती. त्या अंधारात बाळंतपणेसुद्धा झाली.

महिनाअखेर सोव्हिएत सैन्य थांबले. पुढे कडाक्याचा हिवाळा होता. पण २८ ऑक्टोबरला हिटलरचा हुकूम सुटला होता: रशियन पुढे येतील, त्यांना निवारा मिळता कामा नये, सगळे जाळा आणि माणसे हुसकून लावा. जनरल लोथार रेंडुलिचने तो अमलात आणला. फिनमार्क प्रांत आणि त्याच्या शेजारच्या भागात सुमारे अकरा हजार घरे, २७ चर्च, २१ दवाखाने आणि १०६ शाळा जळाल्या. माझ्यासारख्या मास्तराची नजर शेवटच्या आकड्यावरच अडते. हामरफेस्ट गावात तर दफनभूमीतले प्रार्थनागृह तेवढे उभे राहिले. सुमारे पन्नास हजार लोकांना जबरदस्तीने दक्षिणेला नेले. वीस-पंचवीस हजारांनी हुकूम झुगारला आणि गुहांत, होड्यांखाली, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत हिवाळा काढला. त्यांत सामी जमातीचे लोकही होते.

ज्या शत्रूच्या भीतीने हे केले, तो आलाच नाही.

न्युरेंबर्गला १९४८ मध्ये खटला चालला. या जाळपोळीची खरी गरज नव्हती, असे दिसत असूनही न्यायालयाने रेंडुलिचला या आरोपातून सोडले. कारण काय, तर त्या घडीला त्याच्यासमोर जी माहिती होती, तिच्यावरून त्याला ती गरज प्रामाणिकपणे वाटली असावी. चुकीचा अंदाज म्हणजे गुन्हा नव्हे. कायद्याच्या पुस्तकात हा निवाडा ‘रेंडुलिच नियम’ म्हणून ओळखला जातो. मला हा युक्तिवाद पटत नाही. सेनापतीच्या मनातली भीती न्यायालयाने तोलली. ज्याचे छप्पर गेले, त्याची थंडी कोणत्या तराजूत घातली? १९४९ च्या जिनिव्हा करारात व्याप्त प्रदेशातल्या मालमत्तेच्या नासधुशीवर बंदी आली, पण लष्करी कारवाईला नितांत आवश्यक असेल तर सूट, ही पळवाट राहिलीच.

युगोस्लाव्हियातल्या गुन्ह्यांबद्दल रेंडुलिचला वीस वर्षांची सजा झाली होती. १९५१ मध्ये तो सुटला. फिनमार्कमध्ये तेव्हाही घरे बांधण्याचे काम चालूच होते.