रद्द झालेला नंबर आणि त्याची परतवाट

जुन्या पेढीच्या माळ्यावर 2005 पूर्वीचे बिलबुक सापडले, तर दुकानाच्या नावाजवळ एक ओळ हमखास दिसते. ही ओळ म्हणजे बी.एस.टी. (बॉम्बे सेल्स टॅक्स) नंबर: आधी टपालाचा पिनकोड, मग तिरकी रेघ, 'एस' हे अक्षर, पुन्हा रेघ आणि अनुक्रमांक. त्याखाली परराज्यातल्या व्यवहारासाठी सी.एस.टी. (सेंट्रल सेल्स टॅक्स) नंबर, तिथे 'एस'च्या जागी 'सी'. सोबत नोंदणीची तारीख. बाजारातली पत या दोन ओळींवर तोलली जाई.

त्यांची मुळे स्वातंत्र्यापूर्वीची आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या नागपूर सरकारने 1938 मध्ये पेट्रोल आणि वंगणाच्या विक्रीवर कर बसवला, तेव्हा हा अधिकार प्रांताचा की केंद्राचा, हा वाद थेट फेडरल कोर्टात गेला. निकाल प्रांताच्या बाजूने लागला. 1939 मध्ये मद्रासने सर्वसाधारण विक्रीकर आणला आणि मुंबई प्रांतात तो 1 ऑक्टोबर 1946 पासून लागू झाला. सरकारची गिऱ्हाइकाशी गाठ पडत नाही. कर गोळा करतो तो व्यापारी. म्हणून व्यापाऱ्याची नोंदणी आली. नोंदणी नसलेल्याला बिलात कर लावता येत नसे, परराज्यातून माल मागवताना सवलतीच्या दरासाठी लागणारा 'सी फॉर्म' देता येत नसे. नंबर गेला की धंद्याची एक बाजूच लुळी पडे.

त्याहून वाईट म्हणजे मागच्या तारखेपासून नंबर रद्द होणे. एका विक्रेत्याचा नंबर विक्रीकर खात्याने ऑगस्ट 1967 मध्ये रद्द केला, पण आदेश लागू केला त्या वर्षीच्या 1 जानेवारीपासून. मधल्या महिन्यांत त्याच्याकडून माल घेतलेल्या सुरेश ट्रेडिंग कंपनीची वजावट नाकारली गेली. विक्रेता त्या वेळी नोंदणीकृत होता, त्याचे प्रमाणपत्र चालू होते, खरेदीदाराने आणखी काय तपासायचे? मुंबई उच्च न्यायालयाने खरेदीदाराची बाजू उचलून धरली. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले. खरेदीच्या दिवशी जे प्रमाणपत्र खरे होते त्यावर विसंबण्याचा खरेदीदाराला हक्क आहे, असा हा निर्णय. आज जीएसटीच्या खटल्यांतही वकील तो पुढे करतात, आणि ते योग्यच आहे.

1 एप्रिल 2005 ला व्हॅट आला, पिनकोड जाऊन 27 ने सुरू होणारा टिन आला. 1 जुलै 2017 ला जीएसटीचा पंधरा अंक-अक्षरांचा नंबर आला: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दहा पॅनचे, मग त्या पॅनवर राज्यात कितवी नोंदणी तो आकडा, मग 'झेड' आणि शेवटी पडताळणीचे चिन्ह.

आता रद्द करणे फार सोपे झाले. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याने सलग सहा महिने ते भरले नाही, की नोंदणी रद्द होऊ शकते. आधी कारणे दाखवा नोटीस, उत्तराला सात कामाचे दिवस, मग आरईजी-19 हा आदेश. नोटीस येते पोर्टलवर आणि ईमेलवर, आणि तो ईमेल अनेकदा करसल्लागाराचा असतो. कित्येक व्यापाऱ्यांना बातमी कळते ती खरेदीदाराच्या फोनवरून: "तुमचा नंबर कॅन्सल दाखवतोय, पेमेंट थांबवलंय." गाडीत माल भरलेला असतो आणि ई-वे बिल निघत नाही.

अशा वेळी काही जण त्याच पॅनवर नवी नोंदणी घेतात. तेरावा आकडा एकाचा दोन होतो, 1झेडचे 2झेड. पण जुन्या खात्यातले, खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट मागेच राहते आणि मोठ्या कंपन्यांच्या खरेदी विभागात सगळी कागदपत्रे नव्याने द्यावी लागतात. जुना नंबर जिवंत करायचा, तर आरईजी-21 हा अर्ज आहे. त्याआधी थकलेली विवरणपत्रे, कर, व्याज आणि लेट फी भरायची.

गोची होती मुदतीची. कायद्याने दिले होते अवघे तीस दिवस. मग 2019 मध्ये खास आदेश काढून जुन्या प्रकरणांना 22 जुलैपर्यंत संधी द्यावी लागली, 2020 मध्ये करोनामुळे पुन्हा सवलत द्यावी लागली. 2021 पासून अधिकाऱ्यांना तीस-तीस दिवस वाढवून देण्याची मुभा मिळाली. 2023 मध्ये आणखी एक अभय योजना आली आणि ऑगस्टअखेरपर्यंत लांबली. वारंवार सवलत द्यावी लागते, याचा अर्थ मूळ मुदतच चुकीची होती.

न्यायालयांनी हे आधी ओळखले. मद्रास उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये सुगुणा कटपीस सेंटर आणि इतर अनेकांच्या नोंदण्या अटींसह परत दिल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर फॅब्रिकेशनचे काम करणारा एक व्यावसायिक आला. करोनात धंदा बसलेला, अपील मुदतीबाहेर म्हणून फेटाळलेले. नोंदणीशिवाय त्याला कामच करता येणार नाही, हा उपजीविकेच्या हक्काचा प्रश्न आहे, असे म्हणत खंडपीठाने ती पुन्हा सुरू केली. व्यापारी बाहेर राहिला तर सरकारलाही कर मिळत नाही, हा मुद्दाही त्यात होता.

1 ऑक्टोबर 2023 पासून अर्जाची मुदत नव्वद दिवस झाली. सबळ कारण असेल तर आणखी 180 दिवस मिळू शकतात. नंबर परत मिळूनही मधल्या काळातले क्रेडिट मुदतीअभावी बुडायचे, तेही 2024 च्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी सावरले, थेट 1 जुलै 2017 पासून. मुख्य अट: नोंदणी परत मिळाल्याच्या आदेशानंतर तीस दिवसांत राहिलेली विवरणपत्रे भरायची. तेव्हा दुकानदारांनो, पोर्टलवर कोणाचा ईमेल आणि मोबाइल नोंदवलेला आहे ते आजच पाहा. तो तुमचा नसेल, तर बदलून घ्या.