अनंतवात ते सूक्ष्मदर्शक : चेहऱ्याच्या वेदनेचा इतिहास

१/ आजचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. पाचव्या शतकात तेथील एखाद्याच्या अर्ध्या चेहऱ्यात विजेसारखी कळ उठून गाल थरथरू लागला असता, तर वैद्याने त्या विकारास बहुधा 'अनंतवात' म्हटले असते.

२/ सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अनंतवाताचे वर्णन आहे : मानेत उठून डोळा, भुवई व कानशिलाशी स्थिरावणारी तीव्र वेदना, एका बाजूच्या गालाचा कंप, जखडलेला जबडा. उपचार म्हणून शिरावेध, म्हणजे शीर उघडून रक्त काढणे, आणि आहारात संयाव, घृतपूर ही तुपातील पक्वान्ने सांगितली आहेत. वेदना व कंप ही येथे एकाच रोगाची लक्षणे होत.

३/ युरोपातही तीच समजूत होती. १७५६ मध्ये फ्रेंच शल्यविशारद निकोला आंद्रे यांनी या रोगास 'तिक दुलुरो', म्हणजे 'वेदनामय आचका', असे नाव दिले.

४/ या समजुतीची किंमत रुग्णांनी मोजली. कळ थांबवण्यासाठी काही शल्यविशारद चेहऱ्याचा सातवा मज्जातंतू कापत. त्याने चेहरा लुळा पडे. कळ मात्र कायम राही.

५/ १८२१ पासून चार्ल्स बेल व त्यांच्या समकालीनांच्या संशोधनाने कोडे उलगडत गेले. चेहऱ्याची संवेदना पाचवा मज्जातंतू वाहून नेतो; चेहऱ्याची हालचाल सातवा घडवतो.

६/ मग उपचारही वेगळे झाले. अपस्मारावरील कार्बामाझेपिन हे औषध या कळेवर गुणकारी ठरल्याचे ब्लोम यांनी १९६२ मध्ये नोंदवले. आजही प्रथम तेच दिले जाते, अर्थात वैद्यकीय देखरेखीखाली. वेदनारहित आचक्यांसाठी बोट्युलिनम विषाची सूक्ष्म मात्रा टोचतात. अमेरिकेत तिला १९८९ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम साधारण तीन महिने टिकतो.

७/ दोन्ही विकारांचे मूळ मात्र पुष्कळदा सारखेच निघाले : मेंदूच्या तळाशी मज्जातंतूवर दाबणारी रक्तवाहिनी. पाचव्या मज्जातंतूवरील असा दाब वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये वर्णिला. १९६० च्या दशकात पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती वाहिनी बाजूस सारण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. आता मधे मऊ गादी ठेवतात. मज्जातंतू कापावा लागत नाही.

८/ ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. कार्बामाझेपिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरीही ही कळ दातदुखी समजून निरोगी दात उपटले जाण्याचे प्रकार घडतात. दुखणे कोणत्या मज्जातंतूचे, हा बेल यांच्या काळचा प्रश्न आजही उपचाराआधी विचारावा लागतो.