जुना कॅमेरा आणि रिचार्जेबल सेल

माळ्यावरच्या पेटीत वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेला फिल्म कॅमेरा हाती आला की पहिला प्रश्न पडतो तो रोलचा आणि दुसरा सेलचा. रोल महाग असले तरी अजून मिळतात. सेलच्या बाबतीत मात्र अनेकांची गफलत होते. घड्याळासाठी किंवा मुलांच्या खेळण्यांसाठी आणलेले रिचार्जेबल सेल घरात असतातच. तेच या कॅमेऱ्यात घातले तर? त्याचे 'हो' किंवा 'नाही' असे एकच उत्तर नाही. त्या कॅमेऱ्यात सेल नेमके कोणते काम करतो, यावर ते अवलंबून आहे. अंदाज चुकला तर कधी एखादा रोल वाया जातो, कधी कॅमेराच.

साध्या अल्कलाइन पेन्सिल सेलवर १.५ व्होल्ट असे छापलेले असते, तर निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या रिचार्जेबल सेलवर १.२ व्होल्ट. चार सेलच्या कॅमेऱ्यात हा हिशेब ६ विरुद्ध ४.८ व्होल्ट असा होतो. हा फरक पाहून पुष्कळजण कचरतात. परंतु अल्कलाइन सेलचा दाब दीड व्होल्टवर टिकून राहत नाही. वापर सुरू होताच तो उतरू लागतो आणि निम्मे आयुष्य सरेपर्यंत १.२ च्या आसपास येतो. त्याही खाली काही काळ कॅमेरा चालावा, अशीच त्याची रचना केलेली असते. रिचार्जेबल सेल मात्र १.२ व्होल्टची पातळी जवळजवळ अखेरपर्यंत धरून ठेवतो आणि मग एकदम ढासळतो.

या सेलचा खरा गुण निराळाच आहे. त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो एका क्षणात मोठा प्रवाह देऊ शकतो. फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भारित करणे, मोटरने फिल्म पुढे ओढणे, भिंगे फिरवून फोकस साधणे ही दमाची कामे अल्कलाइन सेलला लवकर थकवतात. रिचार्जेबल सेल ती सहज पेलतो. कॅमेरा बनविणाऱ्यांनाही हे ठाऊक होते. निकॉनने १९९६ साली आणलेला एफ-५ आठ अल्कलाइन सेलवर सेकंदाला ७.४ छायाचित्रे टिपत असे, तर कंपनीच्या स्वतंत्र निकेल-मेटल हायड्राइड पॅकवर ८. तेव्हा पेन्सिल सेलवर चालणारे फ्लॅशगन, निकॉन एफएम-२ ला जोडायची एमडी-१२ ही आठ सेलची मोटर किंवा चार सेलचा एफ-१०० यांत असे सेल घालण्यास हरकत नाही.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. बॅटरीचा दर्शक अल्कलाइन सेलच्या हिशेबाने बसवलेला असल्याने तो पूर्ण भारित सेलनाही अर्धे रिकामे ठरवतो, आणि सेल संपत आल्याची सूचना फार उशिरा देतो. काही रिचार्जेबल सेल किंचित जाड असतात, ते जुन्या कप्प्यात अडकून बसतात; काहींचे धन टोक आखूड असल्याने संपर्कच होत नाही. नवे-जुने सेल एकत्र घातले तर दुबळा सेल उलट दिशेने भारित होऊन कायमचा खराब होतो. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बराच भार गमावत. सान्योने २००५ मध्ये एनेलूप बाजारात आणल्यावर ही अडचण पुष्कळशी सुटली. सहा महिन्यांत एक रोल संपवणाऱ्याने असेच सेल घ्यावेत.

ज्या कॅमेऱ्यात सेल फक्त प्रकाशमापक चालवतो, तिथे रिचार्जेबलचा विचार सोडून द्यावा. पेंटॅक्स के-१००० मध्ये एक आणि एफएम-२ मध्ये दोन बटण सेल लागतात. प्रवाह इतका अल्प असतो की ते पुष्कळ काळ पुरतात, आणि संपले तरी शटर यांत्रिक असल्याने अडत नाही. (कॅनन एई-१ मध्ये मात्र सेलविना शटर उघडतच नाही, त्याचा ६ व्होल्टचा एक जादा सेल खिशात असलेला बरा.) सिल्व्हर ऑक्साइडचा सेल थोडा महाग पडतो, पण त्याचा दाब स्थिर राहतो.

१९६०-७० च्या दशकांतील कॅमेऱ्यांची कथा आणखी वेगळी. मिनोल्टा एसआरटी-१०१, ऑलिंपस ओएम-१ यांसारख्या कॅमेऱ्यांचे मापक १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलसाठी जुळवलेले होते. पाऱ्याच्या विषारीपणामुळे हे सेल १९९० च्या दशकात बाजारातून गेले. जागी दीड व्होल्टचा सेल घातला तर अनेक मापकांचा काटा अधिक वर जातो, उजेड आहे त्याहून जास्त भासतो आणि छायाचित्र काळवंडते. १.२ व्होल्टचा सेल उलट बाजूने चकवतो. श्रवणयंत्रात वापरला जाणारा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि कड्याचा आधार दिल्यास नीट बसतो. त्याचे सील काढल्यावर मात्र तो मर्यादित काळच टिकतो, हीच काय ती उणीव.

खरा धोका आहे तो लिथियमच्या घरात. १९९० नंतरचे अनेक कॅमेरे ३ व्होल्टच्या सीआर-१२३ए सेलवर चालतात. निकॉन एफ-८० मध्ये असे दोन लागतात. याच आकाराचे लिथियम-आयन रिचार्जेबल सेल स्वस्तात विकले जातात. पूर्ण भारित असताना त्यांचा दाब ४.२ व्होल्ट असतो, म्हणजे सहाच्या जागी ८.४ व्होल्ट. विद्युत मंडल जळण्यास तेवढे पुरते, आणि ते मंडल आता कोणी बनवत नाही. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेलसारखा असणारा १४५०० क्रमांकाचा सेलही याच कुळातला आहे. यूएसबीवर भारित होणारे, १.५ व्होल्टच देणारे नवे लिथियम सेल त्या मानाने निर्धोक. पण संपताना तेही पूर्वसूचना न देता बंद पडतात.

सेल कोणताही असो, रोल संपल्यावर तो काढून ठेवावा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर निश्चितच. अल्कलाइन सेल गळून संपर्कपट्ट्यांवर पांढरी पुटे चढली असतील तर कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसावे, नंतर स्पिरिटने पुसून कप्पा दिवसभर उघडा ठेवावा.